उपराष्ट्रपती की उपराष्ट्राध्यक्ष: लघुशोधप्रबंधासाठी कोणते पद निवडावे?

राज्यशास्त्राच्या लघुशोधप्रबंधासाठी ‘उपराष्ट्रपतिपदाचा इतिहास’ हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिला निर्णय देशाचा करावा लागतो: भारताचे पद घ्यावे की अमेरिकेचे? इंग्रजीत दोन्ही पदांना एकच नाव आहे. मराठी वर्तमानपत्रे मात्र भारतासाठी ‘उपराष्ट्रपती’ आणि अमेरिकेसाठी ‘उपराष्ट्राध्यक्ष’ असे दोन शब्द वापरतात, आणि हा भेद शब्दांपुरता नाही. दोन्ही पदाधिकारी वरिष्ठ सभागृहाचे पदसिद्ध प्रमुख असतात, दोघांनाही तेथे मते समसमान पडल्यावरच मत देता येते, आणि सर्वोच्च पद रिकामे झाल्यास दोघांनाच पुढे यावे लागते. तरीही अमेरिकेत या पदाचा इतिहास अध्यक्षांच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीभोवती घडला, तर भारतात तो राज्यसभेतील सभापतींच्या आसनाभोवती घडला. हे आधी ध्यानात घेतले नाही, तर भारताच्या इतिहासात अमेरिकेसारखे प्रसंग शोधण्यात महिने जातात आणि हाती फारसे काही लागत नाही.

अमेरिकेच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा कालावधीचा आहे. 1789 मध्ये जॉन अ‍ॅडम्स पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि 2025 मध्ये पदावर आलेले जे. डी. व्हान्स हे पन्नासावे आहेत. एवढ्या काळात पदाचे स्वरूप अनेकदा बदलले आणि प्रत्येक बदलामागे एखादी अडचण सापडते. मूळ घटनेनुसार अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारा उपराष्ट्राध्यक्ष होत असे. त्यामुळे 1796 मध्ये अ‍ॅडम्स अध्यक्ष आणि त्यांचेच प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपराष्ट्राध्यक्ष अशी जोडी देशाला मिळाली. पुढच्याच निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी 73 मते पडली, प्रतिनिधिगृहाला 36 वेळा मतदान घ्यावे लागले, आणि त्यातून 1804 ची बारावी घटनादुरुस्ती आली.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग 1841 चा आहे. शपथ घेऊन एकच महिना झाला असताना अध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन यांचे निधन झाले. अशा वेळी उपराष्ट्राध्यक्षाकडे अध्यक्षाची केवळ कर्तव्ये जातात की ते पदच जाते, हे घटनेच्या शब्दांवरून स्पष्ट होत नव्हते. जॉन टायलर यांनी आपण अध्यक्षच झालो आहोत, अशी भूमिका घेतली आणि ती सोडली नाही. अखेर काँग्रेसनेही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेही, ती मान्य केली. एका व्यक्तीच्या हट्टाने पडलेला हा पायंडा घटनेत लिहिला गेला तो 1967 च्या पंचविसाव्या दुरुस्तीने, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. तोपर्यंत आठ अध्यक्षांचा पदावर असताना मृत्यू झाला होता, सात उपराष्ट्राध्यक्षही पदावर असताना वारले होते आणि जॉन कॅल्हून यांनी 1832 मध्ये राजीनामा दिला होता. असे एकूण सोळा वेळा हे पद रिकामे झाले आणि ते मधल्या काळात भरण्याची सोयच नव्हती. 1881 मध्ये गोळी लागल्यानंतर अध्यक्ष गारफिल्ड अडीच महिन्यांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होते, पण उपराष्ट्राध्यक्ष आर्थर यांना त्यांच्या जागी काम पाहता आले नाही, कारण अध्यक्ष असमर्थ आहेत हे ठरवायचे कोणी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ज्याला घटनेतील मौनाचा अभ्यास करायचा आहे, त्याला यापेक्षा चांगले साहित्य क्वचितच मिळेल.

सिनेटच्या अध्यक्षस्थानाचा इतिहास मात्र पातळ आहे. समसमान मतांच्या प्रसंगी कमला हॅरिस यांनी 33 वेळा मत दिले, हा विक्रम आहे. पण एरवी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर उपराष्ट्राध्यक्ष त्या खुर्चीत फारसे बसलेले दिसत नाहीत. ते हळूहळू कार्यकारी सत्तेच्या बाजूला सरकले आणि वॉल्टर माँडेल यांना 1977 मध्ये व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय मिळाले, तेव्हा हा प्रवास पक्का झाला.

भारतातील चित्र जवळजवळ उलटे आहे. 1952 मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्यापासून सुरू झालेल्या या पदावर आजवर पंधरा व्यक्ती आल्या. राष्ट्रपतींचा पदावर असताना मृत्यू दोनदाच झाला: 1969 मध्ये झाकिर हुसेन आणि 1977 मध्ये फक्रुद्दीन अली अहमद. दोन्ही वेळा उपराष्ट्रपती राष्ट्रपती झाले नाहीत, तर त्यांनी काही महिने राष्ट्रपती म्हणून काम पाहिले, कारण रिक्त पदाची निवडणूक सहा महिन्यांच्या आत घेण्याचे बंधन आपल्या घटनेतच आहे. टायलरसारख्या वादाला येथे जागाच ठेवलेली नाही. त्या मधल्या काळातही पाहण्यासारखे काही घडते: मोरारजी देसाई यांना मार्च 1977 मध्ये पंतप्रधानपदाची शपथ दिली ती तेव्हा राष्ट्रपती म्हणून काम पाहणारे उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी, जे जुन्या मुंबई राज्यात मोरारजींच्याच सरकारात उपमंत्री होते. पुढे नऊ विधानसभा बरखास्त करण्याच्या शिफारशीवर सही करायला जत्तींनी वेळ घेतला, आणि अखेर सही केली. पण एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही.

भारतीय पदाचा खरा ऐवज राज्यसभेच्या कामकाजात आहे, आणि विद्यार्थी नेमका तोच भाग परिशिष्टात ढकलतात. आपल्याकडे सभापती सभागृह प्रत्यक्ष चालवतात. पक्षांतराच्या तक्रारींवर निर्णय देतात, जसा व्यंकय्या नायडू यांनी डिसेंबर 2017 मध्ये शरद यादव यांना अपात्र ठरवून दिला. न्यायाधीशांविरुद्धच्या प्रस्तावाची सूचना स्वीकारतात किंवा फेटाळतात, जशी नायडूंनीच 2018 मध्ये सरन्यायाधीशांच्या बाबतीत फेटाळली. हमीद अन्सारी यांनी 29 डिसेंबर 2011 च्या मध्यरात्री लोकपाल विधेयकावरील मतदान न होताच सभागृह बेमुदत तहकूब केले, त्या एका रात्रीच्या कामकाजावरही स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल. डिसेंबर 2024 मध्ये विरोधकांनी जगदीप धनखड यांना पदावरून दूर करण्याची सूचना दिली, ती उपसभापतींनी फेटाळली, आणि 21 जुलै 2025 रोजी, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. त्यानंतर महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन निवडून आले. त्यांना पूर्ण पाच वर्षांची मुदत मिळाली, कारण आपल्याकडे नवा उपराष्ट्रपती आधीच्याची उरलेली मुदत पुरी करत नाही.

निवडणुकांच्या अंगाने भारताकडून मोठी अपेक्षा ठेवू नये. मतदार फक्त संसदेचे सदस्य असल्याने निकाल बहुधा आधीच दिसतो. 2002 मध्ये सुशीलकुमार शिंदे भैरोसिंह शेखावत यांच्याविरुद्ध उभे होते, एवढाच आपल्याला जवळचा वाटावा असा लढतीचा प्रसंग, आणि त्याचाही निकाल कोणाला अनपेक्षित नव्हता.

साधनांचा विचार केला, तर अमेरिकेवरचे दुय्यम लेखन इतके आहे की नवे काही म्हणणे अवघड जाते. भारताचे मूळ साहित्य, म्हणजे संविधान सभेतील चर्चा आणि राज्यसभेचे इतिवृत्त, सहज मिळते, पण ते पानोपान वाचावे लागते. ज्याच्या हाती चार-पाच महिनेच आहेत आणि ज्याला घटनेच्या अर्थनिर्णयात रस आहे, त्याने निःशंकपणे अमेरिका घ्यावी. ज्याला सभागृहाचे कामकाज वाचण्याचा कंटाळा नाही, त्याने भारत घ्यावा. माझा स्वतःचा कल या दुसऱ्या बाजूला आहे, कारण तेथे अजून पुष्कळ काम व्हायचे आहे. दोन्ही देशांचा संपूर्ण इतिहास एका प्रबंधात आणू नये.

तुलनेचाच आग्रह असेल, तर ती 1841 आणि 1969 या दोन वर्षांपुरती ठेवावी. 1969 मध्ये राष्ट्रपती म्हणून काम पाहणारे व्ही. व्ही. गिरी यांना स्वतःच राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती आणि ते पायउतार झाले, तर राष्ट्राच्या सर्वोच्च पदाचे काम पाहायला कोणीच उरणार नव्हते. संसदेने मे महिन्यात कायदा करून ती जबाबदारी सरन्यायाधीशांवर टाकली आणि 20 जुलै रोजी एम. हिदायतुल्ला यांना ती घ्यावीही लागली. घटनेनुसार राष्ट्रपती आपला राजीनामा उपराष्ट्रपतींना उद्देशून लिहितात आणि उपराष्ट्रपती तो राष्ट्रपतींना उद्देशून लिहितात. राष्ट्रपतिपद रिक्त असताना उपराष्ट्रपतीच ते काम पाहत असतील, तर त्यांनी राजीनामा कोणाला द्यावा, हा प्रश्न तुलनेच्या पहिल्याच प्रकरणात घेण्यासारखा आहे.