टेबलावरचं प्लाझ्मा यंत्र: फिल्मसाठी झकास, जाड स्कॅफोल्डसाठी बेताचं

आमच्या लॅबमधलं लो-प्रेशर प्लाझ्मा यंत्र (प्लाझ्मा म्हणजे रक्तातला नव्हे, तर विजेने आयनित केलेला, चमकणारा वायू) टेबलावर मावतं आणि १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) आणि पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) या पॉलिमरच्या फिल्मवर पेशी धराव्यात म्हणून आम्ही ते वापरतो. ही पॉलिमर शरीरात हळूहळू विघटित होतात म्हणून लाडकी, पण पाण्याशी त्यांचं फारसं जमत नाही. पीएलएवर पाण्याचा थेंब साधारण ७५ ते ८० अंशांचा कोन करून बसतो (कोन जितका लहान, तितका थेंब पसरलेला). ऑक्सिजन प्लाझ्मात मिनिटभर ठेवली की त्याच फिल्मवर तो पसरतो. अगदी वरच्या काही नॅनोमीटरमध्ये हायड्रॉक्सिल, कार्बोक्सिल असे पाण्याशी जमणारे रासायनिक गट तयार होतात, त्यांच्यावर सीरममधलं (पेशींच्या द्रवात घातलेल्या रक्तद्रवातलं) फायब्रोनेक्टिन हे प्रथिन नीट बसतं आणि पेशींना पकड मिळते. आतलं मटेरियल तसंच राहतं. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

दाराची काच मला सगळ्यात आवडली. आर्गॉन चालू असताना उजेड गुलाबीकडे झुकला की समजावं, कुठून तरी हवा शिरतेय. बहुतेकदा ओ-रिंगवर, म्हणजे दार हवाबंद करणाऱ्या रबरी कडीवर, धागा अडकलेला असतो.

पॉवरच्या नॉबला मात्र लो, मीडियम, हाय एवढेच खटके. परत येणारी पॉवर दाखवणारा मीटर नाही, त्यामुळे नमुन्याला नेमकं किती मिळालं हे कळत नाही. 'हाय' तर विसराच. पीसीएल ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. बारीक तंतूंची जाळी आक्रसते. शिवाय जास्त वेळ ठेवलं की साखळ्या तुटून तुकडे वर साचतात. थेंबाचा कोन तेव्हा फार सुंदर, म्हणजे लहान, येतो, पण नमुना पाण्यात विसळला की त्यातली बरीच कमाई वाहून जाते. म्हणून कोन विसळल्यावरच मोजावा.

माहितीपत्रकात परिणाम 'टिकाऊ' असल्याचं लिहिलंय, ते मला पटत नाही. पीसीएलचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखं ताठ होतं) उणे ६० अंशांच्या आसपास, म्हणजे खोलीच्या तापमानाला साखळ्या मोकळ्या हलतात आणि नवे गट आत वळतात. पीएलएचं तेच तापमान साधारण ६० अंश, म्हणून तिथे ही घसरण सावकाश होते. आम्ही प्लाझ्मा दिला की त्याच दिवशी पेशी टाकतो.

जाड सच्छिद्र स्कॅफोल्डमध्ये, म्हणजे पेशी वाढाव्यात म्हणून केलेल्या सांगाड्यात, प्लाझ्मा खोलवर पोचतच नाही. बाहेरून ओला दिसणारा तुकडा कापून रंगीत पाणी टाकलं, तर गाभ्यावर थेंब तसाच उभा. यंत्र घ्यायचं असेल तर विक्रेत्याच्या चकचकीत फिल्मवर डेमो बघू नका; स्वतःचा सगळ्यात जाड नमुना न्या आणि त्यांच्यासमोरच कापा.