इपॉक्सी म्हणून माथी मारलेला ऑइलपेंट

घरच्या डार्करूमसाठी, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीसाठी, 'इपॉक्सी फ्लोअरिंग'चं (रेझिन ओतून केलेल्या बिनसांध्याच्या जमिनीचं) कोटेशन हातात असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

आमची डार्करूम म्हणजे जुन्या फ्लॅटमधली 70 चौरस फुटांची अडगळीची खोली. खाली शहाबादी फरशी. शहाबादी काय किंवा कोटा काय, दोन्ही चुनखडीचेच दगड. स्टॉप बाथमधलं (डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या द्रावणातलं) ॲसिटिक ॲसिड सांडलं की ते फरशी खातं आणि डाग पडतात. त्यात सांध्यांमध्ये हायपो, म्हणजे फोटो पक्का करणारं द्रावण, मुरतो. तो वाळला की पांढरी भुकटी होते, आणि ती उडून नेमकी ओल्या फिल्मवर बसते. म्हणून बिनसांध्याची जमीन हवी होती.

ठेकेदाराने 2 मिमी जाडीचं सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणारं, इपॉक्सी सुचवलं. दुकानातल्या चकचकीत नमुन्यावर व्हिनेगर ओतलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाला, "बघा ताई, ॲसिडप्रूफ!" वर 'डार्करूमला काळाच रंग लागतो' म्हणून काळ्या रंगाचे जादा पैसे लावले. हेही खोटंच. अंधुक लाल उजेडात खाली पडलेली क्लिप किंवा निगेटिव्ह फिकट जमिनीवर लगेच सापडते. काळा रंग हवा तो एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राच्या) आसपासच्या भिंतीला.

काम झालं तेव्हा मी ऑफिसात होते, घरी आई होती. तिने पाहिलं ते असं: चार लिटरचा एकच डबा, लेबल खरवडलेलं. त्यात थिनर ओतलं, काडीने ढवळलं, रोलर फिरवला आणि माणसं गेली. खरं इपॉक्सी दोन डब्यांत येतं, रेझिन वेगळं आणि हार्डनर वेगळा. दोन्ही मिसळल्याशिवाय ते घट्टच होत नाही. हिशोबही सोपा आहे. एका चौरस फुटावर 2 मिमी थर द्यायला साधारण 186 मिलिलिटर माल लागतो, म्हणजे आमच्या खोलीला 13 लिटर. चार लिटरमध्ये तो थर बसणार कसा?

दिसायला जमीन झकास होती. पण डेव्हलपरच्या, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या द्रावणाच्या, ट्रेखाली ती मऊ पडायला लागली. बोट दाबलं की ठसा उमटायचा. मग सुरकुत्या आल्या आणि काळे पापुद्रे चपलेला चिकटून पार स्वयंपाकघरापर्यंत पोचले. एक पापुद्रा नखाने उचलून पाहिला, तर पोस्टकार्डाहून पातळ.

फोन केला तर साहेबांनी हात वर केले. "ताई, तुमचं केमिकलच कडक आहे, त्याला आम्ही काय करणार?" कडक वगैरे काही नाही. फोटोपेपरच्या बऱ्याच डेव्हलपरमध्ये सोडियम कार्बोनेट असतं, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. ऑइलपेंट तेलापासून केलेल्या रेझिनचा असतो आणि सोड्यासारख्या अल्कलीने त्याचा चक्क साबण होतो. पातळ आम्ल मात्र तो बऱ्यापैकी सोसतो. म्हणजे व्हिनेगरच्या त्या खेळातून डार्करूमच्या जमिनीबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं.

नमुना घरी मागून घ्या. धुण्याच्या सोड्याचं दाट पाणी त्यावर रात्रभर वाटीखाली ठेवा. थिनरमध्ये भिजवलेला कापूस घासून पाहा, रंग कापसाला लागला तर समजा ते पक्कं इपॉक्सी नाही. काम चालू असताना घरचं माणूस समोर हवं, दोन्ही डबे त्याच्यासमोर फुटले पाहिजेत आणि रिकामे डबे आपल्याकडेच राहिले पाहिजेत. पुरतं पक्कं व्हायला इपॉक्सीला साधारण आठवडा लागतो, तेव्हा 'उद्यापासून केमिकल सांडा' असं म्हणणाऱ्याला शेवटचा हप्ता देऊ नका. बिलावर मालाचं नाव आणि जाडी लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'फ्लोअर कोटिंग' आहे. '2 मिमी इपॉक्सी' हे शब्द व्हॉट्सॲपवरच्या कोटेशनमध्ये राहिले, तेवढाच आधार.

त्या मेसेजच्या जोरावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पैसे अजून आलेले नाहीत. रंग खरवडून काढायचा खर्चही मी मागणीत घातला आहे. खोलीत आता हॉस्पिटलात असतं तसलं 2 मिमी जाडीचं व्हिनाइल आहे, अखंड, भिंतीवर चार इंच चढवलेलं. या वेळी पैसे दिले ते सोड्याच्या पाण्याची रात्र उलटल्यावर.