इन्सुलिनची गार पिशवी: वऱ्हाडच्या उन्हाळ्यात चार महिने

मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतली, आता जून संपत आलाय. बाराशे रुपये पडले. मी दिवसातून दोन वेळा ३०/७० इन्सुलिन घेते (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश काम करणारं), पेनवालं. घर अकोल्यात, सासर दर्यापूरकडच्या खेड्यात. महिन्यातले आठ-दहा दिवस तिकडेच जातात. तिथे फ्रिज आहे, पण वीज आपल्या मर्जीने येते. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत राहिलं तर साधारण चार आठवडे चालतं म्हणतात. मे महिन्यात आमच्याकडे ३० अंशांची खोली दाखवा!

गेल्या उन्हाळ्यात साखर २८०च्या खाली येईना. आधी आंब्यांवर संशय, मग माझ्यावर. शेवटी पेनमधलं कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिनची काचेची नळी, उजेडात धरलं तर काचेला आतून पांढरे कण चिकटलेले, हलवूनही सुटेनात. नवीन लावलं, चार दिवसांत साखर ताळ्यावर. म्हणून ही पिशवी.

कापडाच्या कप्प्यात मिठासारखे दाणे शिवलेले असतात. पाण्यात दहा मिनिटं बुडवली की ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. वरून पुसायची आणि पेन आत सरकवायचं. पाणी हळूहळू उडत जातं तसं आतलं गार राहतं. म्हणजे माठच, फक्त पर्समध्ये मावणारा. मेच्या मध्यात एका दुपारी खोलीत ४१ अंश होते, पिशवीत थर्मामीटर ठेवला तर २६. दोनदा तपासलं. अशा सुक्या हवेत दोन दिवस पुरते, मग पुन्हा भिजवायची.

आता तक्रारी. पहिल्यांदा अर्धा तास बुडवून ठेवली, तर इतकी टम्म फुगली की पेन आत जाईना. गावी वेगळंच झालं: बोअरच्या पाण्यात दाणे धड फुगेचनात. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, आणि खारट पाणी हे दाणे नीट शोषत नाहीत हे नंतर कळलं. प्यायचं फिल्टरचं पाणी वापरलं की बरोबर फुगते. सासूबाई तिला हात लावून म्हणाल्या, "हे थैली एवढी घामेजली कावून व?" त्यांना एका वाक्यात कळलं ते माहितीपत्रकात चार पानं आहे.

एसटीने जाताना पर्स ओली होऊ नये म्हणून मी ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली. मूर्तिजापूर येईस्तोवर आत नुसती वाफ. हवा लागलीच पाहिजे, नाहीतर उपयोग शून्य. तेव्हापासून कापडी पिशवीत घालून खिडकीच्या सावलीच्या बाजूला अडकवते. साखर तपासायच्या पट्ट्या मात्र हिच्यात ठेवू नका, ओलीने खराब होतात.

जूनच्या सुरुवातीला भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले, तिथे पिशवीने हात टेकले. बाहेर ३३ आणि आत ३०-३१. हवेतच एवढं पाणी, तर हिचं पाणी उडणार कुठे? कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांनी बाराशे रुपये वाचवावेत आणि फ्रिजच्या दारातला कप्पा वापरावा. बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्सुलिनही वायाच जातं.

एक गोष्ट पिशवीच्या हातातली नाही. एप्रिलमध्ये सकाळी इंजेक्शन घेऊन, थोडे पोहे खाऊन गच्चीवर कुरडया घालायला बसले. तासाभरात दरदरून घाम. वाटलं, ऊन लागलं. हात कापायला लागले तेव्हा तपासलं, साखर ५८. डॉक्टर म्हणाले, उन्हात कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि इन्सुलिन लवकर शोषलं जातं. घाम उन्हाचा की साखर उतरल्याचा, हे बाहेरून कळत नाही. आता वाळवणाच्या ताटाशेजारी ग्लुकोजचा डबा असतो. रक्तदाबाची लघवी होणारी गोळी उन्हाळ्यात किती घ्यायची, हेही तेव्हाच विचारून घेतलं.

यजमानांचं म्हणणं, दोन मडकी आणि मधे ओली वाळू, खर्च दोनशे. करून पाहिलं, घरात खरंच जवळपास तेवढंच गार राहतं. पण मडकं घेऊन एसटीत कोण चढणार?

पाचातले चार तारे. परवा सुकवायला टांगली; पाऊस सुरू झालाय, आज तिसरा दिवस आहे आणि अजून हाताला थंड लागते.