मोटार नावानं मागावी की कामानं?

लातूर-बीडकडं पाण्याच्या मोटारीच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं दिसतात. एक म्हणतं, "अमक्या कंपनीची ५ एचपी द्या." दुसरं म्हणतं, "मालक, बोअर ४०० फुटांचं, पाणी ३२० वर. ह्याला चालंल ती द्या."

मोटार कदाचित एकच मिळेल, पण कायद्याला दोघं सारखे नाहीत. माल विक्री अधिनियम १९३०, कलम १६ असं सांगतं: काम सांगितलं, विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबलात आणि तसा माल विकणं हा त्याचा धंदाच असेल, तर माल त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. ही अट कागदावर नसली तरी धरली जाते. व्यापारी नावानंच मागितलीत, तर ती धरली जात नाही. मोटार चांगली, पण ३२० फुटांवरून पाणी उचलत नाही? निवड तुमची!

मी असाच फसलोय. शेजाऱ्याच्या मोटारीचं नाव घेऊन गेलो; त्याचं पाणी १५० फुटांवर होतं.

नावानं घेणारा अगदीच वाऱ्यावर नसतो म्हणा. माल विक्रीयोग्य दर्जाचा हवा, ही अट त्यालाही मिळते. वाइंडिंगच (आतली तारेची गुंडाळी) सदोष निघालं तर भांडता येतं. मात्र माल तपासून घेतला असेल, तर तेव्हा दिसायला हवी होती अशी चीर नंतर दाखवून उपयोग नाही.

माझं मत कामानं मागण्याला. पण तोंडी नको. बिलावरच "४०० फूट बोअरसाठी" लिहून घ्या. दुकानदार कुरकुरेल, "एवढं कशाला, पाव्हणं?" कुरकुरू द्या.