क्रॉस बदलायचा की अख्खा प्रॉपलर शाफ्ट?

पिकअप पहिल्या गिअरला उचलताना खालून ‘टण्ण’ असा आवाज येतो, रिव्हर्स टाकला की पुन्हा तोच. गॅरेजवाला म्हणतो, प्रॉपलर शाफ्टच नवा टाका, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी गाडीखालची लांब नळी. ऐन कांद्याच्या हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नाही, म्हणून आपण घाईत हो म्हणतो. गेल्या वर्षी आमच्या बोलेरो पिकअपला मी असाच हो म्हणणार होतो. गाडीखाली शिरून बघितलं तर गेला होता फक्त मागचा क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा चार दांड्यांचा तुकडा.

आधी तपासणी. गाडी सपाट जागी लावा, चाकांना उटी द्या, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा. आता शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या दात्यांमुळे तो थोडा फिरेलच, त्याची काळजी नको. बघायचं ते जॉइंटच्या दोन्ही बाजूंच्या योककडे, म्हणजे क्रॉसला धरणाऱ्या दुबेळक्यांकडे. एक हलतो आणि दुसरा जरा उशिरा हलतो, तर क्रॉस झिजला. क्रॉसच्या दांड्यांवर बसणाऱ्या कपाच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली, तर आत ग्रीस संपून गंज चढलाय. सावकाश चालताना चीं चीं आणि वेगाबरोबर ती वाढत गेली, तरी संशय क्रॉसवरच घ्या. मात्र दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल आणि भरलेली गाडी उचलताना थरथर होत असेल, तर शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का ते आधी बघा. चांगला क्रॉस बदलून ती थरथर जाणार नाही.

आता निवड. नुसती चीं चीं आहे, ढिलाई अजिबात नाही आणि क्रॉसला निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड आहे, तर ग्रीस मारून बघायला हरकत नाही. ढिलाई आली की ग्रीसने आवाज काही दिवस दबतो, झीज भरून येत नाही. आमचा क्रॉस काढला तेव्हा त्याच्या एका दांड्यावर कपातल्या सुयांनी, म्हणजे बेअरिंगच्या बारीक रोलरनी पाडलेल्या बारीक चरी नखाला लागत होत्या. तिथे ग्रीस काय करणार?

क्रॉस बदलणं शाफ्टपेक्षा कितीतरी स्वस्त आणि चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली एका दिवसाच्या आतलं काम. अट एकच, योकची भोकं शाबूत हवीत. नवा कप तिथे ठोकून किंवा दाबूनच बसला पाहिजे. बोटाने सरकत असेल तर योक गेला. अशा वेळी भोकाला पंच मारून किंवा कप वेल्ड करून भागवतात. माल वाहणाऱ्या गाडीला हे मुळीच करू देऊ नका. चालत्या गाडीत शाफ्ट निखळून रस्त्यावर टेकला तर काय होईल, याचा विचार करा.

नवा शाफ्ट घ्यायचा तो योक गेला असेल, नळी वाकली किंवा चेपली असेल, अथवा स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या सरकत्या जोडाचे दाते, ढिली झाली असेल तेव्हा. भंगारातला जुना शाफ्ट स्वस्त दिसतो, पण त्याची लांबी, बोल्टने जोडायची टोकाची चकती म्हणजे फ्लँज आणि बॅलन्स जुळेलच असं नाही, शिवाय त्याचे क्रॉसही बदलावेच लागतात. मला तो सौदा पटत नाही.

क्रॉस निपलचा घ्यावा की सीलबंद? पाण्याचिखलातून, उसाच्या फडातून गाडी जात असेल आणि ग्रीस गन वेळेवर चालणार असेल तर निपलचा. ग्रीस मारायला कुणालाच सवड नसेल तर सीलबंदच बरा.

काम चालू असताना दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर आणि स्लाइडिंग जॉइंटवर खडूने खुणा हव्यातच. स्प्लाइन एक दाताने जरी चुकली तरी दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि नव्या क्रॉससकट गाडी थरथरते. दुसरं, कप बसवताना आतली एखादी सुई आडवी पडते. मग कप पूर्ण आत जात नाही आणि त्याला अडवणारी लॉकची रिंग खाचेत बसत नाही. ते हातोड्याने दामटवू नका, कप काढून सुई सरळ लावायला सांगा. बसल्यावर जॉइंट हाताने सगळ्या बाजूंना फिरला पाहिजे. जड वाटला तर योकवर हलका ठोका दिला की बहुधा मोकळा होतो. निपलचा असेल तर चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत गन मारा. पहिली एकदोन भरलेली खेप झाली की फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.