‘जुना स्टॉक, नवाकोरा माल’ : बुलेटच्या टायरमधली फसवणूक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका जुन्या बुलेटसाठी ३.२५-१९ मापाची टायरची जोडी विकली गेली. कंपनीचा जुना स्टॉक, एकदाही न वापरलेला, हे माप आता शोधूनही मिळत नाही, असं सांगून. पैसे रोख, बिल नाही, टायर तिथेच चढवून दिले. पुढची ट्यूब फुटली आणि पंक्चरवाल्याने टायर उतरवला, तेव्हा खरं कळलं. गुळगुळीत झालेल्या टायरला कटिंग मारून वर काळं पॉलिश फासलं होतं.

मापाचं तर धडधडीत खोटं. ३.२५-१९ आजही नवीन तयार होतो. पुढच्या चाकाला ९०/९०-१९ हाही जवळचा पर्याय आहे. दुर्मिळ म्हणून कुणी जादा पैसे मागितले, तर तिथेच सावध व्हा.

कटिंग म्हणजे गरम पात्याने नक्षी पुन्हा कोरणं. मोटरसायकलच्या टायरला त्यासाठी जादा रबर ठेवलेलंच नसतं, त्यामुळे पातं थेट नायलॉनच्या धाग्यांपर्यंत पोचतं. तिथून पाणी शिरतं, आणि मे महिन्यातल्या इथल्या तापलेल्या डांबरावर उरलेलं पातळ रबर फाटायला वेळ लागत नाही. स्पोकच्या चाकात ट्यूब असते. ती फुटली की हवा एकदम जाते, आणि पुढचं चाक असेल तर गाडी सावरणं फार कठीण.

हे ओळखता येतं, पण टायर रिमवर चढण्याआधी. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या अंगावर, टीडब्ल्यूआय (TWI, झीज दाखवणारी खूण) ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ रेषेत, खाचेच्या तळाशी रबराचा बारीक उंचवटा असायलाच हवा. कटिंगचं पातं तो कापून नेतं. उंचवटा नाही, तर टायर नको. मग रिमवर बसणारी कड बघा : टायर उचकटायच्या लिव्हरचे ओरखडे, गंजाची रेघ म्हणजे टायर वापरलेला. आतून हात फिरवा, ठिगळ लागेल. ओल्या फडक्याने पुसा, पॉलिश हाताला येईल.

खरोखर न वापरलेला टायरही वयाने कडक होतो. साइडवॉलवरचे, टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा, तो फुकटातही घेऊ नका. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्ही बाजू उजेडात बघा. आकडे घासलेले, नख रुतत नाही, खाचेत बारीक भेगा : यातलं एकही दिसलं तर परत करा. ट्यूब आणि रिमपट्टी (स्पोकची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून रिमवर बसवायची पट्टी) मात्र नवीनच घ्या.

बिलावर माप आणि तारखेचे आकडे लिहून घ्या. फसवणूक झालीच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. उतरवलेला टायर तोपर्यंत भंगारात देऊ नका, पुरावा तोच आहे.