बंद गाडी सुरू करताना माझे 38,500 रुपये कसे गेले

वडील गेल्यापासून, म्हणजे आठ वर्षे, त्यांची 1997 सालची मारुती 800 आमच्या कोल्हापुरातील घरामागे शेडमध्ये उभी होती. ती पुन्हा रस्त्यावर आणावी म्हणून महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये टोचन करून नेली. चार नवे टायर 12,800, ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांकडे पोहोचवणारा भाग) आणि मागचे व्हील सिलिंडर 6,400, टाकी उतरवून साफ करणे 3,500, टायमिंग बेल्ट व टेन्शनर 4,200, बॅटरी 4,600 आणि मजुरी 7,000, असे एकूण 38,500 रुपये मी मोजले. त्यांतले 20,000 आगाऊ, तेही रोख. काढलेले जुने भाग मागितले तेव्हा "भंगारात गेले, साहेब" असे उत्तर मिळाले. तुम्ही मात्र ते पोत्यात भरून घरी आणा.

खरी चीड येते ती टायरच्या आठवणीने. गाडी ताब्यात घेताना टायरच्या बाजूला 3113 हा आकडा मी स्वतः वाचला आणि तो कशाचा, असे विचारलेही. "साईजचा नंबर असतो तो," असे मालक म्हणाला आणि आयुष्यभर हिशेबाचे कागद तपासणाऱ्या मी मान डोलावली. पहिले दोन अंक टायर बनला त्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे ते टायर 2013 सालचे, काळे पॉलिश मारून चकचकीत केलेले होते. मला हे ठाऊक नव्हते, पण ठाऊक असण्याचे माझे कामही नव्हते. त्यासाठीच तर मी पैसे मोजले होते.

त्यानंतरच्या रविवारी जोतिबाहून उतरताना ब्रेकचे पेडल थेट तळाला गेले. शेजारी पत्नी, मागे ऐंशी वर्षांची आई. दुसरा गिअर आणि हँडब्रेक यांच्या जोरावर गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली. पुढे उद्यमनगरातल्या एका जुन्या फिटरने सारे उघडून दाखवले. मास्टर सिलिंडर जुनाच होता, आतून गंजलेला. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखे झाले होते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि उतारावर तापले की त्यात वाफ धरते, मग पेडल दाबून उपयोग नसतो. टायमिंग बेल्टला भेगा होत्या. टाकीच्या बोल्टांवर आठ वर्षांची माती तशीच होती, म्हणजे त्यांना पाना लागलाच नव्हता. नवी निघाली ती फक्त बॅटरी.

पोलीस ठाण्यात मला पावणेदोन तास बाकावर बसवून "हा दिवाणी मामला आहे" असे सांगण्यात आले. माझ्या आईचा जीव जाता जाता वाचला, हे सांगितल्यावर साहेबांनी "पण अपघात झाला का?" असे विचारले. दरीत कोसळून आलो असतो तर अर्ज घेतला असता काय? परिवहनच्या कार्यालयाने गॅरेज आपल्या अखत्यारीत येत नसल्याचे सांगून पुन्हा पोलिसांकडे बोट दाखवले. दोन्हीकडे बिल मागितले गेले, आणि माझ्याजवळ होता वहीचा फाडलेला कागद, ना शिक्का, ना सही. पक्के बिल हाती पडल्याशिवाय किल्ली घेऊ नका. पैसे बँकेतूनच द्या.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार करतो आहे. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, ही माहितीही मला कोणत्या अधिकाऱ्याने नव्हे, त्या फिटरनेच दिली. पुरावा म्हणून तो गंजलेला सिलिंडर आणि ते चारही टायर मी शेडमध्ये जपून ठेवले आहेत. गाडी सध्या विटांवर उभी आहे.